जावयाने दिलेलं खोकं

मी एक लॅपटॉप बोलतोय. आवाजाला थोडी घरघर आहे, ती चालवून घ्या. सुरुवातीलाच एक गोष्ट ठासून सांगतो, म्हणजे पुढे घोळ नको. माझ्यात बिघाड नव्हता. कोकंद शहरातल्या ज्या घरात मी राहतो, तिथे कित्येक महिने ‘हा मेला नेट पकडत नाही’ याखेरीज मला दुसरी ओळख नव्हती. आरोप रोज झाले. खुलासा कुणी केला नाही. तो मीच करतोय, आणि गोड शब्दांत करणार नाही.

माझा जन्म पूर्वेकडच्या एका कारखान्यात झाला. त्यात गहिवरून जाण्यासारखं काही नाही. सरकत्या पट्ट्यावर आम्ही ओळीने पडलेलो असायचो. आम्हाला पेटवून बघत, कॅमेरा उघडून बघत, आणि हवेतलं वायफाय पकडून दाखवायला लावत. ज्याला जमलं नाही त्याला बाजूला काढत. मी पहिल्या फटक्यात पकडलं आणि खोक्यात बंद झालो.

मला विकत घेतलं रिश्तानच्या योलदोश यांनी. त्यांचं तिथे औषधांचं दुकान आहे. मुलगी मावजुदा औषधशास्त्राची पदवी घेऊन बसली होती आणि तिच्या लग्नाची बोलणी चालू होती. विकणाऱ्याने त्यांना टीव्हीकडे वळवायचा प्रयत्न केला. “लग्नात टीव्ही देतात, काका. लॅपटॉप कोण देतं?”

“माझ्या मुलीला पुढे शिकायचंय,” योलदोश म्हणाले. “टीव्ही बघून औषधं कळली असती तर मी दुकान कशाला उघडलं असतं?”

या माणसाबद्दल माझं मत चांगलं आहे. या हकिगतीत असं मत फार थोड्यांबद्दल आहे.

लग्नाच्या वेळी माहेरचं रुखवत मांडतात. एका भिंतीला गाद्या-रजयांची चळत, चिनी मातीची भांडी, शिवणयंत्र, आणि सगळ्यांच्या वर लाल फीत बांधलेला मी. मोहल्ल्यातल्या बायका एकेक वस्तू उचलून, उलटी करून, टिचकी मारून बघत होत्या.

“हे काय गं? आरसा आहे का?”

“लॅपटॉप आहे.”

“फारच पातळ आहे. आमच्या सुनेच्या माहेरच्यांनी फ्रिज दिला होता. चार माणसांनी उचलून आणला.”

वजनावर माल जोखणाऱ्या त्या बोटांचे तुपकट ठसे माझ्या पाठीवर बरेच दिवस होते. माणसांविषयीची माझी शिसारी तिथून सुरू झाली.

लग्न ठरताना योलदोश यांनी एकच शब्द मागून घेतला होता: मुलीला मास्टर्सचं शिक्षण घेऊ द्यावं. मुलाची आई तुर्सुनॉय तेव्हा मोठ्या मनाने म्हणाली होती, “शिकू दे की! घरात बसून होत असेल तर आमची काय ना आहे?” सगळ्यांनी वाहवा केली. ‘घरात बसून होत असेल तर’ हे शब्द कुणाच्या कानात राहिले नाहीत. माझ्या राहिले, कारण घरात बसून होणार की नाही, ते माझ्यावर येऊन पडणार होतं.

आता हे घर. मधे अंगण, त्यावर द्राक्षाचा मांडव. रस्त्याकडे पाहुण्यांची खोली आणि तिला लागून तुर्सुनॉयची. अंगण ओलांडून, स्वयंपाकघराच्या पलीकडे, मावजुदा आणि तिचा नवरा इल्होम यांची खोली. भिंती मातीच्या, हातभर जाडीच्या. उन्हाळ्यात गार राहतात म्हणून त्यांचं कौतुक होतं. त्यांतून आणखी काय काय आरपार जात नाही, याचा विचार कुणी केला नव्हता.

घरात वायफाय आणलं थोरल्या जावयाने. ओदिल त्याचं नाव, इल्होमच्या ताईचा नवरा, फोनच्या दुकानात बसतो. एका सणाला तो पांढरं, दोन शिंगांचं खोकं घेऊन आला, वायर जोडून दिली आणि म्हणाला, “आई, आता घरात बसून जग बघा!”

“जावईबापू, कशाला एवढा खर्च केलात!” असं म्हणत तुर्सुनॉयने खोकं दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाला लावलं, आणि मग ते नेऊन ठेवलं कुठे? पाहुण्यांच्या खोलीत, काचेच्या कपाटात. जावयाने दिलेली वस्तू या घरात दुसरीकडे जाऊच शकत नाही. सोनेरी काठाचा चहाचा संच, लग्नातली फुलदाणी आणि त्यांच्यामधे राउटर. कपाटाच्या पाठीला मोठा आरसा, आणि ती पाठ अंगणाकडच्या भिंतीला टेकलेली. कपाटाच्या एका बाजूला पत्रा मढवलेली पेटी, तिच्यावर छताला भिडणारी गाद्यांची चळत. वर धूळ बसू नये म्हणून खोक्यावर क्रोशाचा रुमाल.

तांत्रिक भाषा बाजूला ठेवतो. खोकं अखंड बोलत होतं, पण आरशाशी. अंगणाकडे निघालेलं त्याचं निम्मं बोलणं आरसा परत फेकत होता, उरलेलं पत्रा, गाद्या आणि मातीची भिंत गिळत होती. अंगणापलीकडे माझ्यापर्यंत यायची ती सिग्नलची एक केविलवाणी काडी. कधी तीही नाही.

मावजुदाने ताश्कंदच्या महाविद्यालयात अर्ज केला. बरंचसं शिक्षण घरी बसून करण्यासारखं होतं. त्याआधी एक मुलाखत द्यायची होती, लॅपटॉपवर, समोरासमोर बोलून. ठरल्या वेळी तिने डोक्यावरचा रुमाल सारखा केला, मला टेबलावर ठेवलं आणि मला ताश्कंद दाखवायला सांगितलं. चष्मा लावलेल्या एका बाईंचा चेहरा दिसला. त्या “नमस्कार, तुमचं ना...” एवढं म्हणाल्या आणि तोंड उघडं ठेवूनच थिजल्या. त्यानंतर पडदा काळा.

मावजुदाने मला बंद केलं, चालू केलं. पासवर्ड पुसून पुन्हा घातला. स्वतःच्या फोनचं नेट लावून बघितलं, तेही या भिंतींच्या आत बोलता बोलता दम टाकत होतं. ताश्कंदहून निरोप आला की पुन्हा वेळ देऊ.

संध्याकाळी जेवायला अंथरलेल्या दस्तरखानाभोवती माझा खटला चालला.

“माझ्या फोनवर तर झकास चालतं,” तुर्सुनॉय म्हणाली. तिची खोली कपाटाला लागून. झकास चालणारच. “खोकं चांगलं आहे. तुझ्या माहेरचं यंत्रच हलकं निघालं, सूनबाई. तुझ्या वडिलांना फसवलं कुणीतरी. भोळे आहेत बिचारे.”

मावजुदा खाली मान घालून नान मोडत राहिली. इथली सून सासूला उलट बोलत नाही. आणि पेच नीट बघा. बिघाड माझ्यात असला तर तिच्या वडिलांची लाज जाते. बिघाड खोक्याचा असला तर जावयाची जाते. पहिली लाज स्वस्त होती, म्हणून ती सगळ्यांना परवडली.

मग उपचार सुरू झाले. इल्होमने मला उलटं धरून झटकलं, जसा काही वायफाय कुठेतरी फटीत अडकला होता. नंतर पाठीवर चापट मारली. “आमच्या जुन्या रेडिओला असंच लागायचं.” तुर्सुनॉयने त्याहून वरताण केली. रुखवतात इतक्या बायकांनी हाताळला, नजर लागली असणार, असं म्हणून तिने परडीत इसिरिकच्या वाळक्या काड्या पेटवल्या आणि माझ्याभोवती धुरी फिरवली. मी चालू होतो. पंख्याने तो सगळा धूर आत ओढला. आजही गरम झालो की माझ्या पोटातून तो वास येतो. दृष्ट काढा, माझी हरकत नाही. पण निदान आधी झाकण तरी मिटा!

यानंतर तज्ज्ञ आला, म्हणजे ओदिल. जावई येतो तेव्हा त्याला सरळ पाहुण्यांच्या खोलीत नेतात आणि वरच्या, मानाच्या जागी बसवतात. दारापासून सर्वांत लांबची ती जागा. ती कपाटाच्या शेजारीच आहे. तो या घरात दुसरीकडे कुठे कधी बसलेलाच नाही. ही गोष्ट नीट ध्यानात घ्या, कारण साऱ्या अनर्थाचं मूळ इथे आहे.

“आणा बघू इकडे,” तो लोडाला टेकून म्हणाला.

मला त्याच्यापुढे नेऊन ठेवलं. सगळ्या काड्या भरल्या. पाणी वाहावं तसं जग माझ्या पडद्यावर वाहू लागलं. ओदिलने एक कुस्तीचा व्हिडिओ लावला, शेवटपर्यंत पाहिला आणि हसला.

“वहिनी, लॅपटॉप तर फर्स्ट क्लास आहे! तुम्ही काहीतरी भलतंच दाबत असणार.”

“नाही हो भावजी, मी फक्त...”

“असू दे, असू दे. होतं नवीन माणसाचं. हे बटण बघा, याला हात लावायचा नाही.”

ते बटण आवाज कमीजास्त करण्याचं होतं.

म्हणजे आरोपी बदलला. काल मी होतो, आज मावजुदा. मला अंगण ओलांडून परत तिच्या खोलीत आणलं, आणि एक काडी. त्या घरात जो जो माझी तपासणी करी, तो तो खोक्याच्या मांडीवर बसून करी. मावजुदाच्या टेबलाशी येऊन बसायचे कष्ट एकालाही सुचले नाहीत. जिथे दुखतंय तिथे हात न लावता निकाल देणाऱ्यांची मला किळस येते.

शेवटी इल्होमने मला बाजारात नबी नावाच्या कारागिराकडे नेलं. त्याने मला नीट न बघताच “व्हायरस” म्हटलं आणि सगळं पुसून नव्याने भरलं. मावजुदाने मुलाखतीसाठी काढलेली टिपणं त्याबरोबर गेली. “आधी सांगायचं नाही का?” तो इल्होमलाच म्हणाला. मग दुकानात लावून दाखवलं. त्याचा राउटर त्याच्याच डोक्यावर, खिळ्याला लटकत होता. काड्या भरलेल्या. “बघा, कसा पळतोय!”

घरी आल्यावर पळायचा थांबला. दुसऱ्या मुलाखतीत ताश्कंदच्या बाईंना मावजुदाचा आवाज तुकड्या-तुकड्यांत ऐकू जात होता. त्या कंटाळून म्हणाल्या, “मावजुदा, गुरुवारी दुपारी शेवटची वेळ देते. तेव्हाही झालं नाही तर पुढच्या वर्षी अर्ज करा.”

पुढच्या वर्षी! त्या बाईंना काय ठाऊक! या मोहल्ल्यात नव्या सुनेचं पुढचं वर्ष पाळणा हलण्यासाठी राखून ठेवलेलं असतं. त्याच रात्री जेवताना तुर्सुनॉय म्हणाली, “नशिबातच नसेल तर कशाला जिवाला त्रास? आम्ही काही अडवलं नाही हो. यंत्रानेच साथ दिली नाही.” मला तिथल्या तिथे तापून पेट घ्यावासा वाटला. ज्याला तोंड उघडून उत्तर देता येत नाही, त्याच्या नावावर निकाल लिहायला लोकांना फार सोपं जातं.

मावजुदा मात्र डोक्याने चालणारी मुलगी. सासू बाजाराला गेल्यावर तिने मला उघडंच कडेवर घेतलं आणि चालू लागली. खोलीत एक काडी. मांडवाखाली दोन. पाहुण्यांच्या खोलीच्या उंबऱ्यात तीन. कपाटापाशी सगळ्या. ती थांबली. तिने कपाट उघडलं, रुमाल उचलला, आरशात स्वतःकडे पाहिलं आणि “हात् तिच्या!” म्हणाली. इतक्या महिन्यांत या घरात झालेली ती एकमेव तपासणी. तिला ना पेचकस लागला, ना इसिरिक.

इल्होम कामावरून आला तसं तिने त्याला अंगणातच गाठलं. “अहो, लॅपटॉप ठीक आहे. खोकं चुकीच्या जागी आहे. मांडवाच्या खांबाजवळच्या खिडकीत ठेवलं तर सगळ्या घराला पुरेल.”

इल्होमने आधी आईच्या खिडकीकडे बघितलं. “हळू बोल. जावयाने दिलेली वस्तू तिथून काढायची? ताईला कळलं तर? ती म्हणेल, माझ्या नवऱ्याची भेट खिडकीत टाकली.”

“टाकायची नाहीये. ठेवायचीय.”

“मी बोलतो आईशी. योग्य वेळ बघून.”

योग्य वेळ काही आली नाही. तो वाईट माणूस नाही, पण तसली माणसं मी पुष्कळ पाहिली. खरं काय ते त्यांना ठाऊक असतं. फक्त ते कुणी दुसऱ्याने बोलावं अशी त्यांची इच्छा असते. मावजुदाने दोनदा गुपचूप तो क्रोशाचा रुमाल काढून ठेवला. दोन्ही वेळा तुर्सुनॉयने तो धुऊन, खळ घालून पुन्हा पांघरला.

मावजुदाने गुरुवारी माहेरी जाऊ देण्याची विनंती केली. रिश्तानहून मुलाखत देता आली असती.

“लोक काय म्हणतील? सासरी नेट नाही म्हणून सून माहेरी पळाली?” तुर्सुनॉय म्हणाली. “आणि गुरुवारी माझ्याकडे भिशी आहे. बायका येणार. चहा कोण देणार, मी?”

ही भिशी मोहल्ल्यातल्या बायकांची. पाळीपाळीने एकेकीच्या घरी जमतात, खातात, आणि जी नसेल तिच्याविषयी बोलतात.

गुरुवार आला. पाहुण्यांची खोली बायकांनी भरली. सामसे, हलवा, वाळवलेल्या जर्दाळूंच्या ताटल्या. मावजुदा दाराजवळच्या सुनेच्या जागी बसून पियाले भरत होती, प्रत्येक वेळी झुकून पुढे करत होती. वरच्या, मानाच्या जागी, कपाटाला खेटून बसली होती होजर आजी, मोहल्ल्यातली सर्वांत वयस्क बाई. तिला दात कमी आणि शब्द जास्त.

वेळ झाली तशी मावजुदा उठली आणि खोलीत येऊन माझ्यापुढे बसली. मी सगळा जीव एकवटून ती एक काडी धरून ठेवली. ताश्कंदच्या बाई दिसल्या, त्यांचे चौकोन झाले, चौकोनांचे तुकडे झाले. “ऐकू ये... मावजु...”

तिने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता ही रडणार. ती रडली नाही. तिने मला उचललं, अंगण ओलांडलं, आणि चपला काढून सरळ पाहुण्यांच्या खोलीत शिरली. दाराशी थांबली नाही. दस्तरखानाच्या कडेने, बायकांच्या गुडघ्यांवरून पाय उचलत, ती वर गेली.

“कुठे निघालीस गं?” तुर्सुनॉयने दबक्या आवाजात विचारलं.

मावजुदाने कपाट उघडलं, रुमाल काढून सासूच्या हातात दिला, आणि म्हणाली, “आजी, थोडं सरकता का?”

सून वरच्या जागी! होजर आजीने तिला वरून खालपर्यंत न्याहाळलं, मग बूड हलवलं. “बस. उशी घे पाठीला. कुणाचा फोन आहे, नवऱ्याचा?”

“परीक्षा आहे, आजी.”

“मग नीट बस.”

माझ्या सगळ्या काड्या भरल्या. बाईंचा चेहरा इतका स्वच्छ आला की त्यांच्या चष्म्यावरचा डागही दिसला. त्यांच्या कपाळावर आठी पडली.

“मावजुदा, तुमच्या आजूबाजूला कोण आहेत?”

तिच्या दोन्ही बाजूंना रंगीत रुमालांची रांग होती. एकीचा सामसा तोंडापाशी थांबला होता.

“माझ्या सासूबाई आणि त्यांच्या मैत्रिणी.”

“मुलाखत एकटीने द्यायची असते. नियम वाचलेत ना?”

“वाचलेत. माझ्या खोलीत मी एकटीच होते, पण तिथे नेट पोचत नाही. राउटर या खोलीत आहे, आरशाच्या कपाटात. लॅपटॉप चांगला आहे, बाई. माझ्या वडिलांनी चांगलाच घेऊन दिलाय.”

ती हे मोठ्याने म्हणाली. सासूसमोर, मोहल्ल्यासमोर. तुर्सुनॉयच्या हातातला रुमाल चुरगळला गेला.

“मग तुम्ही राउटर हलवत का नाही?” बाईंनी विचारलं.

किती साधा प्रश्न! इतके महिने मी त्याची वाट बघत होतो. मग होजर आजी माझ्या कॅमेऱ्यात तोंड घालून ओरडली, “अगं बाई, जावयाने दिलाय तो! तुमच्या ताश्कंदात जावई नसतात का?”

बाईंचे ओठ हलले. “असतात. मलाही एक आहे.” मग त्या म्हणाल्या, “ठीक आहे. पण मधे कुणी बोलायचं नाही.”

“एक शब्द नाही,” आजीने वचन दिलं.

प्रश्न सुरू झाले. मावजुदा सुरुवातीला अडखळली. टिपणं पुसली गेलेली, सगळं आठवणीतून काढावं लागत होतं. मग तिचा आवाज बसला. बाईंनी विचारलं, “एक वयस्क बाई तुमच्या दुकानात येते. रक्तदाबाची गोळी रोज घेते, तरी दाब उतरत नाही. जास्त ताकदीची गोळी मागते. काय कराल?”

“गोळी बदलण्याआधी मी विचारीन, घरी आणखी काय काय घेता. आपल्याकडे खोकल्याला ज्येष्ठमधाचा काढा पितात. तो रोज घेतला तर दाब चढतो आणि गोळीचा उपयोग...”

“मी घेते!” होजर आजी किंचाळली. “रोज वाटीभर! म्हणून डोकं गरगरतं होय माझं?”

“आजी, तुम्ही बोलायचं नाही असं ठरलंय,” बाई म्हणाल्या.

“ठरलेलं राहू दे. माझ्या डोक्याचं सांगा.”

मी घाबरलो. आता बाई संतापून बंद करणार. बाईंनी पेन खाली ठेवलं. “मावजुदा, रुग्ण समोरच आहे. सांगा त्यांना.”

मावजुदा आजीकडे वळली. “आजी, काढा आजपासून बंद. गोळी आपल्या मनाने वाढवायची नाही. उद्या डॉक्टरकडे जाऊन दाब मोजून घ्यायचा आणि काढ्याचं त्यांना सांगायचं. रक्तही तपासायला लागेल, त्यातलं पोटॅशियम कमी झालेलं असू शकतं.”

“उद्या माझ्याकडे चादरी धुवायच्यात.”

“चादरी परवा.”

“बघा, कशी हुकूम सोडते!” आजीने खोलीभर नजर फिरवली. “तुर्सुनॉय, ही पोरगी तू दाराशी बसवतेस?”

प्रवेश मिळाला. तुर्सुनॉयने शेजारीपाजारी हलवा वाटला आणि प्रत्येक दारात सांगितलं, “आमच्या पाहुण्यांच्या खोलीत झाली मुलाखत. मीच म्हटलं, बस वर, लाजू नकोस.” माझ्यावरचे आरोप मागे घेतल्याचं एका दारातही बोलली नाही.

मग ओदिल आला, अभिनंदनाला नवा लॅपटॉप घेऊन. “वहिनी, तो जुना आता फेकून द्या. त्याने फार छळलं तुम्हाला.”

मावजुदाने चहाचा पियाला त्याच्यापुढे ठेवला आणि शांतपणे म्हणाली, “भावजी, मला हाच हवाय. याचं काही बिघडलेलं नाही. तुमचं खोकं आरशापुढे आहे, म्हणून माझ्या खोलीत नेट येत नाही.”

इल्होम छताकडे बघू लागला. तुर्सुनॉयचा चेहरा पांढरा पडला. आणि ओदिल काय म्हणाला ते ऐका. तो म्हणाला, “मग हलवा की! मला काय त्याचं? मला वाटलं, तुम्हालाच ते तिथे आवडतं.”

एवढंच. ज्या रागाच्या भीतीने माझ्या पोटात धुरी भरली, टिपणं पुसली, मुलीचं शिक्षण हातचं जायची वेळ आली, तो राग अस्तित्वातच नव्हता. त्याला कुणी विचारलंच नव्हतं. मला इतका उबग आला की मी स्वतःहून बंद पडलो. त्याचंही खापर बॅटरीवर फुटलं.

आता तुम्हाला वाटेल, खोकं हललं असेल. नाही! “नको, नको,” तुर्सुनॉय म्हणाली, “त्याच जागेवर प्रवेश मिळाला. लाभलेली जागा कशाला मोडायची?” काल मानासाठी तिथे होतं, आज शकुनासाठी आहे. नवा लॅपटॉप ओदिल परत घेऊन गेला.

मी म्हातारा झालोय. बिजागरी सैल आहे, दोन अक्षरं पुसली गेलीत. फार काळ चालेनसं वाटत नाही, म्हणून एवढंच मागणं मागतो. तुमच्या घरातला लॅपटॉप नेट पकडेनासा झाला, तर त्याला झटकू नका, बडवू नका, बाजारात नेऊन त्याचं पोट पुसू नका. त्याला हातात घेऊन आधी घरातून एक फेरी मारा. आणि ज्याचा मान राखायला तुम्ही गप्प बसलात, त्याला निदान एकदा विचारा तरी.

रोज दुपारी मावजुदा मला घेऊन पाहुण्यांच्या खोलीत जाते, दार लावते आणि कपाटाशेजारी उशी घेऊन बसते. ताश्कंदचा वर्ग सुरू होतो. बाहेर अंगणात कुणी मोठ्याने बोललं तर तुर्सुनॉय त्याच्यावर खेकसते, “हळू! सूनबाई शिकतेय आत.” मध्यंतरी ओदिल नेमका त्या वेळी आला, तर त्याला मांडवाखाली बसवून चहा दिला. एक खोकं जागचं हलवायला नको, म्हणून या घराने आपली सर्वांत मानाची जागा सुनेला देऊन टाकली आहे, आणि अजून एकाच्याही ते लक्षात आलेलं नाही.